ईव्हबाईंची सफरचंदे

न्यूयॉर्कला ‘बिग ॲपल’ का म्हणतात, या प्रश्नाचा निकाल परवा एका विद्वानांनी भर सभेत लावून टाकला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सहून परागंदा झालेली ईव्ह नावाची खानदानी बाई, तिने मॅनहॅटनमध्ये थाटलेली उंची कोठी, तिथल्या मुलींना शौकिनांनी बहाल केलेले ‘ईव्हची सफरचंदे’ हे नाव आणि त्यावरून अख्ख्या शहराचे बारसे! सभेत हशा पिकला. कुणीतरी पुरावा विचारला, तेव्हा ‘असं परंपरेनं सांगतात’ एवढे बोलून विद्वान चहाकडे वळले.

परंपरा! ही कथा १९९० च्या दशकात थट्टेने रचलेली आहे. विद्वानांचा चष्मा तिच्याहून जुना असेल.

पण वय सोडा. ही कोठी ज्या शहरात चालली म्हणतात, त्या शहराची वृत्तपत्रे विद्वानांनी कधी चाळली आहेत का? १८३६ साली हेलन ज्युएट या वेश्येचा खून झाला, तेव्हा एका सेंटला मिळणाऱ्या पत्रांनी दुसरा विषय जवळजवळ सोडूनच दिला होता. ‘हेरल्ड’चे संपादक बेनेट स्वतः कोठीत जाऊन प्रेत पाहून आले आणि तिच्या देहाचे वर्णन त्यांनी वाचकांना पुरवले. १८५९ साली तर कोठ्यांची चक्क मार्गदर्शिका छापली गेली. कोणत्या रस्त्यावर कोणत्या बाईचे घर, तिथली व्यवस्था कशी, सगळे तपशीलवार. इतक्या बोलभांड शहरात ईव्हबाईंची सफरचंदे एवढी गाजली, की शहराला त्यांचे नाव पडले, आणि ते एकाही बातमीदाराच्या कानावर गेले नाही? बेनेटसारखा माणूस हे सोडील? की शंभर वर्षे सगळे न्यूयॉर्क तोंडात सफरचंद धरून बसले होते?

हा रोग आपल्याकडेही जुनाच. कातळात खळगा दिसला की भीमाचे पाऊल, पाण्याचे कुंड दिसले की सीतेची न्हाणी. एका गावाच्या नावावरून मी पूर्वी वाद घातला होता. मोडी कागद पुढे ठेवले, तर ‘कागदात भाव नसतो’ असे ऐकून घ्यावे लागले. कागदात तारीख असते, एवढे माझे म्हणणे होते. आजही तेच आहे.

विद्वानांनी जाता जाता सुचवलेले पर्यायही पाहू. मंदीतले बेकार पाच सेंटला एक सफरचंद विकत, ते १९३० साली. नाव त्याआधी नऊ वर्षे छापलेले आहे. जाझवाल्यांनी ते गाजवले, हे खरे. पण तेही नंतर. १९०९ च्या एका पुस्तकात न्यूयॉर्कला झाडाचा रस ओढणारे मोठे सफरचंद म्हटले आहे, पण तो लेखकाचा एकट्याचा अलंकार. तो कुणी उचलल्याचे दिसत नाही.

मग खरे काय? ‘मॉर्निंग टेलिग्राफ’मध्ये घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणारे जॉन फिट्झ जेराल्ड. त्यांच्या लिखाणात हे नाव १९२१ पासून येते आणि १९२४ साली ते स्तंभाच्या मथळ्यावर चढते. आपण ते न्यू ऑर्लिन्सच्या रेसकोर्सवर दोन कृष्णवर्णीय मोतद्दारांकडून ऐकले, असे ते स्वतःच सांगतात. घोडे थंड करायला फिरवताना एकाने दुसऱ्याला विचारले, इथून कुठे? उत्तर आले, बिग ॲपलला. त्यावर पहिल्याने बजावले, की मग या मरतुकड्यांना आधी खाऊपिऊ घाल, नाहीतर तिथे सफरचंदाचा नुसता गाभा पदरात पडेल. बक्षिसांच्या मोठ्या रकमा न्यूयॉर्कलाच होत्या, तेव्हा तबेल्यातल्या माणसाला ते शहर मोठे सफरचंद वाटावे यात नवल नाही. हे सगळे जुन्या अंकांतून खणून काढले ते पार्किंगच्या दंडाचे खटले ऐकणाऱ्या बॅरी पॉपिक यांनी आणि मिसुरीचे प्राध्यापक जेराल्ड कोहेन यांनी. पुढे नाव विस्मरणात चालले होते. १९७१ च्या पर्यटन-मोहिमेने त्याला लाल सफरचंदासकट परत आणले.

फिट्झ जेराल्ड जिथे राहत, त्या ब्रॉडवे आणि वेस्ट ५४ व्या रस्त्याच्या कोपऱ्याला १९९७ साली ‘बिग ॲपल कॉर्नर’ नाव मिळाले. मोतद्दारांची नावे त्यांनी टिपली नाहीत, म्हणून त्यांची पाटी कुठेच नाही. याविरुद्ध विद्वानांनी अर्ज करावा, पहिली सही माझी. ईव्हबाईंसाठी मात्र त्यांनी १९२१ च्या आधीचा एक कागद आणावा. धोब्याच्या हिशेबाचा असला तरी चालेल.