कुरण राखायचे तर कळपवाला हवा

मुक्ताईनगर तालुक्यातील मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र वाघासाठी ओळखले जाते, पण भोवतालच्या गवतावर गावची गुरेही जगतात. खान्देशात ठेलारींच्या मेंढ्या आणि काठेवाडींच्या गाईही चाऱ्यामागे फिरतात. पावसाळ्यात कोवळे गवत सतत खुडले गेले की मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवते मागे पडतात आणि कुसळी माजते. तिची कुसळे मेंढीच्या लोकरीत रुततात, कातडीला टोचतात. नुकसान वन्यप्राण्यांचे आणि पशुपालकांचे सारखेच होते.

त्यावर उपाय पाळीचा. बी झडेपर्यंत कुरणाचा एक भाग बंद ठेवावा, मग कापणी आणि चराई. पुढच्या वर्षी दुसरा भाग. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावानेच घातलेली बंधने पाळून जंगल परत मिळवले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २००६ चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांची हंगामी चराई मान्य करतो आणि ग्रामसभेला रक्षणाचे अधिकारही देतो. मात्र वाघाने मारलेल्या जनावराची भरपाई वेळेत मिळाली, तरच पशुपालकांचा विश्वास टिकेल.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे. त्या निमित्ताने वन खाते, ग्रामसभा आणि कळपवाले यांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून चराईचे वेळापत्रक ठरवावे.