इंदूरचे क्ष-किरण आणि जीवसृष्टीचा आरंभ

इंदूर म्हटले की किनारपट्टीवरील मराठी वाचकाला अहिल्याबाई आठवतात, होळकरांचा राजवाडा आठवतो. फार तर सराफ्यातील खाद्यपदार्थ. परंतु याच नगरीच्या वेशीवर, सुखनिवास तलावाकाठी, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ नावाचे एक यंत्र आहे आणि पृथ्वीवर जीव प्रथम कसा अवतरला या आदिम प्रश्नाशी अशा यंत्रांचा निकटचा संबंध आहे, याची जाणीव आपल्याकडे फार थोड्यांना असावी.

पेशीतील यच्चयावत कामे विकरे करतात आणि विकरे म्हणजे प्रथिने, असे आमच्या पिढीला शिकविले गेले. आता अडचण अशी की प्रथिनांचा आराखडा डीएनएमध्ये असतो आणि डीएनएची नक्कल उतरविण्यास पुन्हा प्रथिनेच लागतात. बीज आधी की वृक्ष आधी, हाच तो जुना पेच. तो सुटण्याची वाट १९८२ साली दिसली. कोलोरॅडो विद्यापीठात टॉमस चेक हे टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या आरएनएमधील अनावश्यक तुकडा छाटणारे प्रथिन शोधीत होते. प्रथिन सापडेना, आणि छाटणी तर बिनबोभाट होत राहिली! आरएनए ते काम स्वतःच करीत होता. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठाच्या सिडनी ऑल्टमन यांनी दुसऱ्या रेणूला कापणारा आरएनए दाखवून दिला. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. कुळकर्ण्याचे दप्तर आणि सुताराचा वाकस एकाच हाती असावा, तसा हा रेणू. प्रथिने व डीएनए यांच्या आधी आरएनएचेच राज्य असावे, या कल्पनेला वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६ साली ‘आरएनए जग’ असे नाव दिले.

हे सारे सिद्ध झाले आहे असे मात्र कोणी समजू नये. साध्या घटकांपासून आपोआप घडून स्वतःच्या नकला काढीत राहणारा आरएनए अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत सुधा राजमणी व त्यांचे सहकारी या प्रारंभिक रसायनाचाच अभ्यास करतात. उष्ण कुंडे आळीपाळीने भरत व सुकत असता रेणूंच्या साखळ्या जुळल्या असतील, असा या क्षेत्रातील एक तर्क आहे. तुरळ-राजवाडीची उन्हाळी पाहिलेल्या कोकणवासीयांना तो परका वाटू नये.

तथापि भक्कम पुरावा आपल्या प्रत्येकाच्या पेशीत आहे. प्रथिने घडविणारा रायबोसोम हा आरएनए आणि प्रथिने यांचा बनलेला असतो. २००० साली त्याची सूक्ष्म रचना उलगडली, तेव्हा जोडकाम जेथे चालते तेथे प्रथिन आढळलेच नाही. होता तो केवळ आरएनए. या रचनेच्या संशोधनासाठी २००९ चे नोबेल मिळविणाऱ्या तिघांत वेंकटरामन रामकृष्णन होते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे १९७१ चे भौतिकशास्त्राचे पदवीधर!

भौतिकशास्त्राचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. ही रचना दिसली ती सिंक्रोट्रॉन यंत्रांतून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांमुळे, आणि ती यंत्रे परदेशी होती. इंदूरच्या ‘इंडस-२’ मध्ये १७२.५ मीटर परिघाच्या कड्यातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन तसेच किरण देतात. प्रथिनांच्या स्फटिकांसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे स्वतंत्र किरणवाहिनी उभारली असून विद्यापीठांतील संशोधकांना प्रस्ताव पाठवून तेथे काम करता येते.

सोय आहे, प्रश्न तिचा लाभ घेण्याचा आहे. आपल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र हे विभाग एकाच व्हरांड्यात असूनही परस्परांशी सोयरीक नसल्यासारखे वागतात, आणि आरएनएच्या उत्प्रेरक शक्तीची पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीवर बोळवण होते. गोवा व मुंबई विद्यापीठांनी या दोन्ही शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एकत्र तुकडी दरवर्षी इंदूरला धाडावी. प्रवासखर्च आणि चार दिवसांचा मुक्काम एवढाच काय तो भार पडेल. तो उचलण्याइतकी तरतूद त्यांच्या अंदाजपत्रकात सहज होऊ शकते.