आम्ही बसलेल्या नाही

माकणीच्या शिवारात सोयाबीन खुरपणारी बाई उभी नसते, चालत नसते. उकिडवी बसून ती तण काढते आणि तसूतसूने पुढे सरकते. माणूस काय करतोय हे यंत्राला ओळखायला शिकवणाऱ्या नोंदींचा एक संग्रह इटलीतल्या जेनोवाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. माणसे ३०, कमरेला मोबाईल. जगभर वापरल्या गेलेल्या त्या संग्रहात कृती सहाच: चालणे, जिना चढणे, जिना उतरणे, बसणे, उभे राहणे, आडवे होणे. आमची बाई यात कुठे बसवणार? 'बसणे'त. कंबर मोडेपर्यंत राबून ती बसलेलीच!

मैत्रिणींनो, ही थट्टा नाही. आता कॅमेऱ्याचे चित्र, मनगटावरच्या सेन्सरची हालचाल आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मिळणाऱ्या मेंदूलहरी अशा तिन्ही खुणा एकत्र करून कृती ओळखायचे संशोधन चालू आहे. कॅमेऱ्यापुढे कोणी आडवे आले तर मनगट सांगेल, हात सारखेच हलत असतील तर लक्ष कुठे आहे ते मेंदू सांगेल, असा हिशोब. अर्धांगवायू झालेल्या माणसाला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला त्याचा उपयोग होईल, व्हावाच. पण आपल्यापर्यंत ही यंत्रे कोणाच्या हातून आली?

तिन्ही सुटी सुटी येऊन गेलीच आहेत. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. सहा वर्षांखालची पाच लेकरे कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई द्यायची, हेही त्याच कायद्यात होते. फोटोने मोजले ते मजुरांना. नागपुरात महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे आली. आणि पुण्यात २००८ साली सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली, त्या खटल्यात तिच्या मेंदूलहरींची चाचणी पुराव्यात धरली गेली. इलेक्ट्रोड लावून तिला वाक्ये ऐकवली. ती गप्प होती, आणि हे तिने स्वतः अनुभवलेले आहे असा निष्कर्ष निघाला. ती दोषी की निर्दोष, त्यात मी पडत नाही. बाई गप्प आणि तिच्या वतीने यंत्र बोलते, याचीच मला धास्ती वाटते.

५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशा चाचण्या संमतीवाचून करता येणार नाहीत असा निकाल दिला. म्हणजे आरोपीला 'नाही' म्हणता येते. आणि कामकरी बाईला? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम ७ नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचून माहिती वापरायला वाट करून देते. खुनाच्या आरोपीला जो हक्क, तो झाडूवालीला नको?

शिवाय मेंदूलहरी अतिशय क्षीण. मान ताणली, दात आवळले तरी नोंद बिघडते. आमच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीची पाटी (इलेक्ट्रोडची टोपी घालायची कुठे, तेही कोणी सांगावे). यंत्र मानेचा ताण वाचून 'लक्ष नाही' म्हणाले, तर मजुरी कोणाची कापली जाणार?

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरचे बिनमोल काम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे दिसले. त्यासाठी कोणाच्या डोक्याला तारा लावल्या नाहीत. माणसांना विचारले.

म्हणून आपली मागणी अशी हवी: कामाच्या जागी मेंदूलहरी मोजायच्या नाहीत. कॅमेरा वा घड्याळ नाकारले म्हणून काम जाता कामा नये. आणि कामांची यादी करायची तर ती काम करणारीला विचारून.

आमच्या गटाने तशी यादी करायला घेतली, तर पहिल्याच बैठकीत खुरपणीपाशी अडलो. एक जण म्हणाली, "नुसतं खुरपणं एक. बांधावरच्या झोळीतल्या लेकराकडं कान ठेवून खुरपणं, ते येगळं लिव्हा."