बारनिशीच्या टेबलावरचा माणूस



कचेरीत गेलात की आपण थेट साहेबांची खोली विचारता. दाराजवळ वही उघडून बसलेल्या कारकुनाला फार तर "साहेब आहेत का?" एवढेच विचारले जाते. आज त्याच्याविषयी लिहितो. आपला कागद चालणार की पडून राहणार, हे निम्मे त्याच्या टेबलावर ठरते. शिवाय आता आपलीच मुले-मुली सोसायटीत, खरेदी-विक्री संघात, गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीत हे काम करू लागली आहेत.

मी शेतकीची पदवी घेऊन नोकरीस लागलो, तेव्हा माती, कीड, खते यांवर तासभर बोलत असे. पत्र मात्र घरी खुशाली कळवण्याइतकेच येई. आमच्या कचेरीत पत्रव्यवहार पाहणाऱ्या कारकुनांना सगळे अण्णा म्हणत. माझा पहिला मसुदा त्यांनी तीनदा परत केला. एकदा विषय नव्हता, एकदा संदर्भ नव्हता. तिसऱ्या वेळी म्हणाले, "साहेब, तुम्हांला बियाणे किती पाहिजे हे दुसऱ्या पानावर कळते. वरचा अधिकारी पान उलटेलच कशावरून?" मला राग आला होता. पण त्यांचेच बरोबर होते.

काम दिसायला सोपे. टपाल फोडायचे, तारखेचा शिक्का मारायचा, आवक वहीत क्रमांक घालून कोणाचे पत्र, विषय काय, सोबत कागद किती हे लिहायचे आणि ज्याच्या टेबलाचे त्याला देऊन सही घ्यायची. उत्तर गेले की जावक क्रमांक आणि स्थळप्रत फाइलला. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र. दप्तर सहा गठ्ठ्यांत लावायचे. त्यांतला प्रलंबित कागदांचा गठ्ठा रोज हाताखालून गेला पाहिजे. आता संगणक आले, पण क्रमांक आणि तारीख सुटलेली नाही. २००५ च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्याने सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये असे आहे. पण आवक क्रमांकच नसेल तर दिवस मोजणार कुठून?

हे मला ठाऊक होते, तरी चूक माझ्याच हातून झाली. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर आल्या. माझ्याकडच्या एका गावात बांधावर उभा असताना एका शेतकऱ्याने वहीचे पान हाती दिले. त्यावर एवढेच, "बियाणे उगवले नाही, पंचनामा व्हावा." मी ते डायरीत ठेवले. डायरी तीन दिवस मोटारसायकलच्या डिकीत फिरली. कचेरीत दिले तेव्हा कारकुनाने विचारले, "आवक कोणत्या तारखेची टाकू?" पानावर तारीख नव्हती, गट नंबर, लॉट नंबर, फोनही नव्हता. शोधून समिती पोहोचेपर्यंत वाफसा आला होता, त्याने रान मोडून दुबार पेरणी केली होती आणि पिशवीचे लेबल गेले होते. पाहायलाच काही उरले नाही. त्याला काहीही मिळाले नाही. मला तो एका शब्दाने बोलला नाही, ते जास्त लागले.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावातून नऊ अर्ज आले. तिथल्या शेतकरी कंपनीत पत्रव्यवहार पाहणाऱ्या मुलीने ते लिहिले होते. प्रत्येकाचा वेगळा अर्ज: नाव, गट नंबर, पेरणीची तारीख, क्षेत्र, वाण, लॉट नंबर, दुकानदार, पावतीचा क्रमांक. शेवटी एका ओळीत मागणी, की तालुका समितीने पाहणी करावी आणि अहवालाची प्रत द्यावी. सोबत पावतीची व लेबलाची झेरॉक्स. दोन-दोन प्रती, एकीवर शिक्का व आवक क्रमांक घेऊनच ती उठली. शिवाय पाहणी होईपर्यंत निदान एक पट्टा मोडू नका, असे तिने सर्वांना बजावले होते. समिती चौथ्या दिवशी गेली. सात जणांना बदली बियाणे मिळाले. दोघांची पेरणी खोल गेल्याचे निघाले, तेही कागदावर आले.

परवा त्या कंपनीच्या संचालकांत चर्चा होती, की पत्रे काय, चेअरमनही लिहितील, मुलीचा पगार वाचवावा. मी स्पष्ट विचारले, लेबले जपून ठेवायला चेअरमन घरोघरी जातील का? बँक, दुकानदार, बियाणे कंपनी, सगळ्यांची पत्रे तीच सांभाळते. तिचा पगार वाढवायचा सोडून हे काय चालले आहे?

बाहेरगावी पत्र धाडायचे असेल तर ध्यानी घ्या, की जुने रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात मिळवले आहे. त्याची पावती स्थळप्रतीला टाचून ठेवा.

आणि मी बांधावर भेटलो, हाती कागद दिलात, तर तुमच्या प्रतीवर माझी तारीख-सही घेतल्याशिवाय मला सोडू नका. मात्र ती सही म्हणजे आवक क्रमांक नव्हे. त्यासाठी दाराजवळच्या त्या टेबलाशी यावेच लागेल.