बैल बिडी ओढत नाही

बकरी ईद जवळ आली की बाजारात प्रत्येक जण जनावर पारखून घेतो. दात बघतो, डोळे बघतो, पाय लंगडत नाही ना याची खात्री करतो. कुर्बानीचं जनावर निरोगी असावं, ही शरियतची अटच आहे. उघड आजारी, आंधळं, लंगडं किंवा हाडांचा सापळा झालेलं जनावर चालत नाही. पण त्याच्या छातीत काय साठलंय ते बाहेरून दिसत नाही. वीज केंद्रांच्या आसपास वाढणाऱ्या जनावरांबाबत नेमका हाच प्रश्न आपण विचारायला हवा.

आपल्या विदर्भात चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहेत. आपल्याकडच्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे तीन ट्रक कोळसा जाळला की जवळजवळ एक ट्रक राख मागे उरते. ती पाण्यात कालवून मोठ्या तलावांत सोडतात. गावातले लोक तिला राखड म्हणतात. उन्हाळ्यात तलावाचे काठ सुकतात, वारा सुटतो आणि राखड शेतावर, कडब्यावर, गोठ्यावर येऊन बसते. जुलै २०२२ मध्ये तर कोराडीचा खसाळा इथला राख बंधाराच फुटला आणि राखेचं पाणी शेतांत शिरलं. अशा वेळी दोन दिवस बातम्या येतात. रोज थोडी थोडी उडणारी राख मात्र बातमी होत नाही.

श्वासावाटे आत गेलेल्या राखेचं काय होतं? जाड कण नाकात, घशात अडकतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुफ्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर हे कण किती सूक्ष्म असतील याचा अंदाज येतो. तिथे शरीराच्या सफाई पेशी त्यांना गिळतात. पण राखेचे कण विरघळत नाहीत. रोज नवी भर पडत राहिली की सफाई मागे पडते, सूज कायमची राहते आणि मऊ फुफ्फुसात चट्टे धरू लागतात. राखेत सिलिका असते, शिवाय आर्सेनिक, शिसं, क्रोमियम यांचे अंश असतात. स्फटिकरूपातल्या सिलिकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली कर्करोगकारक ठरवलं आहे.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७०च्या दशकात अमेरिकेत माकडांना आणि गिनीपिगना बरेच महिने राखेच्या हवेत ठेवून प्रयोग झाले. राखेचं प्रमाण कमी होतं आणि त्यात गंभीर बिघाड आढळला नाही. राखेतली बरीचशी सिलिका काचेसारख्या कणांत बंद असते, म्हणून ती शुद्ध सिलिकाच्या धुळीइतकी घातक ठरत नाही, हेही खरं. पण पिंजऱ्यातलं माकड आणि राखड बसलेला चारा हुंगत चरणारी म्हैस यांची तुलना होत नाही. गुराचं नाक दिवसभर जमिनीशी असतं. त्यातच गाई-म्हशींच्या फुफ्फुसांची क्षमता त्यांच्या शरीराच्या मानाने कमी असते, त्यामुळे थोडं नुकसानही त्यांना जड जातं. बोकड दीड-दोन वर्षांत विकला जातो, त्याच्यात वर्षानुवर्षांचा आजार दिसणारच नाही. म्हैस आणि बैल मात्र दहा-बारा वर्षं तीच हवा घेतात.

कोणी म्हणेल, इथे माणसांकडे बघायला कुणाला वेळ नाही, जनावरांचं काय घेऊन बसलात? माझं म्हणणं असं, की माणसांसाठीच जनावरांकडे बघा. राखेच्या गावातला माणूस खोकला घेऊन दवाखान्यात गेला की आधी विचारतात, बिडी ओढता का? घरात चूल आहे का? खाणीत कामाला होता का? मग राख बाजूला राहते आणि दोष त्याच्याच माथी येतो. बैल बिडी ओढत नाही. म्हैस खाणीत जात नाही. जनावरांना जंतांचे आणि न्यूमोनियाचे आजार असतात, गोठ्यात धुनीही असते. पण ते सगळ्याच गावांत असतं. राखेच्या गावातली आणि लांबच्या गावातली फुफ्फुसं शेजारी ठेवून तपासली, तर जो फरक दिसेल तो झटकून टाकणं सोपं जाणार नाही.

हे काम अवघड नाही. कत्तलखान्यात डॉक्टर जनावराची तपासणी करतातच. जनावर कुठल्या गावचं आणि फेफडं कसं होतं, एवढ्या दोन नोंदी वाढवायच्या. मेलेल्या बैलाचं शवविच्छेदन पशुवैद्यकीय दवाखान्याने करायचं. आणि आपले कुरेशी बांधव रोज फेफडी हाताळतात. निरोगी फेफडं कसं दिसतं हे त्यांना पुस्तक न वाचता कळतं. त्यांचा अनुभव आजवर कुणी विचारलेला नाही. तो विचारला पाहिजे आणि पशुवैद्यकांनी लिहून घेतला पाहिजे.

कुरआनने पशुपक्ष्यांना तुमच्यासारखेच समुदाय म्हटलं आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण मुलांना सांगतो. मांजरीला दोरीने बांधणं हा गुन्हा असेल, तर ज्या हवेतून पळून जाता येत नाही तिच्यात हजारो जनावरांना ठेवणं काय आहे? जुम्म्याच्या बयानात यावर चार वाक्यं बोलली गेली तर ती धर्माबाहेरची ठरणार नाहीत.

कायदा नाही असंही नाही. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १९९९ची. ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने सगळी राख वापरात आणणं बंधनकारक केलं आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपयांची भरपाई ठरवली. सिमेंट, विटा, रस्ते यांत ही राख खपते. तोवर तलावाचे काठ ओले ठेवणं आणि राखेचे ट्रक ताडपत्रीने झाकणं एवढं तरी रोज व्हायला हवं. ते होत नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, आणि त्यात माणसांबरोबर गावातल्या गुराढोरांची संख्याही लिहा. मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.