नागपूरचे जॉन स्मिथ



आमच्या धंद्यात ‘जॉन स्मिथ’ हा रोजचा माणूस आहे. नवीन सॉफ्टवेअर तपासायला खोटे ग्राहक लागतात, तेव्हा नावाच्या रकान्यात सवयीने हेच नाव टाकले जाते. नोकरी लागल्यापासून मी शेकडो जॉन स्मिथ जन्माला घातले आणि काम झाल्यावर पुसूनही टाकले. जॉन स्मिथ म्हणजे कुणीच नाही, एवढाच आमच्या लेखी त्याचा अर्थ.

म्हणून स्पेनच्या यादवी युद्धात लढलेला एक जॉन स्मिथ चक्क नागपूरचा मराठी माणूस होता, हे वाचले तेव्हा मी चमकलोच. त्यांचे खरे नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. ओळखीचे लोक त्यांना बाळाजी म्हणत.

आधी थोडे स्पेनविषयी. जुलै १९३६ मध्ये तिथल्या निवडून आलेल्या सरकारविरुद्ध लष्करातल्या सेनापतींनी बंड केले. जनरल फ्रँको त्यांचा म्होरक्या झाला. हिटलर आणि मुसोलिनीने त्याला विमाने, रणगाडे, माणसे पुरवली. सरकारला शस्त्रे मिळाली ती मुख्यतः रशियाकडून. ब्रिटन आणि फ्रान्सने ‘आम्ही मध्ये पडणार नाही’ म्हणून हात झटकले. मात्र पन्नासहून अधिक देशांतली साधी माणसे मध्ये पडली. सुमारे ३५ हजार स्वयंसेवक सरकारच्या बाजूने लढायला गेले. त्यांच्या फौजेला आंतरराष्ट्रीय ब्रिगेड म्हणत.

ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे अडीच हजार जण गेले. खाणकामगार, गोदी कामगार, बेकार तरुण, विद्यार्थी, काही कवी-लेखकसुद्धा. जानेवारी १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारने असे लढायला जाणे गुन्हा ठरवला. मग लोक सहलीच्या निमित्ताने पॅरिस गाठत आणि तिथून पुढे रात्रीच्या अंधारात पिरनीज पर्वत पायी ओलांडत. त्यांची पायदळ पलटण होती ब्रिटिश बटालियन, पंधराव्या ब्रिगेडमधली.

पलटणीची पहिली लढाई माद्रिदजवळ हारामा नदीच्या खोऱ्यात झाली. १२ फेब्रुवारी १९३७ च्या सकाळी सुमारे सहाशे जण टेकडीवर चढले, संध्याकाळी लढण्याजोगे सव्वादोनशेच्या आसपासच उरले. बहुतेकांचे शिक्षण जेमतेम काही आठवड्यांचे. मशीनगन होत्या, पण पट्ट्यांत भरलेल्या गोळ्या भलत्याच मापाच्या निघाल्या. दिवसाचा बराच वेळ त्या तोफखान्यासमोर मुक्याच होत्या. आमच्याकडे अशी चूक झाली तर फार तर रात्रभर जागावे लागते. तिथे माणसे गेली. पुढे ब्रुनेते, बेल्चिते, तेरुएल अशा लढाया होत राहिल्या. पलटण रिकामी व्हायची, नवे स्वयंसेवक येऊन पुन्हा भरायची.

ऑक्टोबर १९३७ मध्ये या पलटणीत आपले हुद्दार दाखल झाले, जॉन स्मिथ हे नाव घेऊन. तोवरचा त्यांचा प्रवासही साधा नव्हता. १९२९ मध्ये ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह झाले. १९३१ मध्ये बालाघाटच्या सशस्त्र दरोड्याच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि तुरुंगवास भोगावा लागला. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला ते लंडनला गेले. तिथे स्पेनच्या बातम्या रोज कानांवर पडत होत्या. शिकायला गेलेला माणूस शेवटी रायफल उचलायला गेला.

मला सर्वांत विचित्र वाटते ते हे. इंग्रजांच्या राज्याविरुद्ध तुरुंगात गेलेला माणूस इंग्रजी नाव घेतो, इंग्रजांच्या पलटणीत उभा राहतो आणि तिसऱ्याच देशासाठी लढतो. पण त्या खंदकातला इंग्रज म्हणजे व्हाइसरॉय नव्हे, वेल्सचा खाणकामगार होता, आणि त्याच्याही सरकारने त्याला गुन्हेगारच ठरवले होते.

१९३८ च्या वसंतात फ्रँकोच्या फौजांनी आरागॉनची आघाडी फोडली. माघार घेताना पलटणीचे शंभरहून अधिक लोक पकडले गेले. हुद्दारही एप्रिलमध्ये गांदेसाजवळ कैद झाले. बुर्गोस शहराजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात परदेशी कैद्यांना डांबले होते. दाटीवाटी, उवा, उपासमार, मार. जर्मन गुप्त पोलीस येऊन कैद्यांच्या डोक्यांची मापे घेत. त्याच मठात या कैद्यांनी आपसांत भाषांचे, गणिताचे वर्ग चालवले आणि हाताने लिहिलेले वर्तमानपत्रही काढले. त्याच वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत हुद्दार सुटले आणि भारतात परतले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

आता तुम्ही विचाराल, मग जिंकले का? नाही. १ एप्रिल १९३९ ला फ्रँकोने विजय जाहीर केला. ब्रिटिश पलटणीचे पाचशेहून अधिक जण स्पेनच्या मातीत राहिले. आणि ज्या बाजूने ते लढले, ती धुतल्या तांदळासारखी स्वच्छही नव्हती. मे १९३७ मध्ये बार्सिलोनात सरकारच्या बाजूचेच गट एकमेकांवर गोळ्या झाडत होते. निरपराध माणसे दोन्हीकडे मारली गेली. पण पाच महिन्यांनी दुसरे महायुद्ध पेटले आणि ‘मध्ये न पडलेल्या’ ब्रिटन-फ्रान्सला त्याच हिटलरशी लढावे लागले.

हुद्दारांचे नाव आपल्याला का माहीत नसावे? मला वाटते, ते कुणाच्याच फळीवर नीट बसत नाहीत. एका बाजूला त्यांचे नंतरचे आयुष्य अडचणीचे, दुसऱ्या बाजूला आधीचे. डॉ. कोटणीस आपल्याला ठाऊक आहेत. ते सोलापूरहून चीनला गेले, त्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख डॉ. अटल त्याआधी स्पेनमध्येच जखमींवर उपचार करून आले होते, हे मात्र मलाही आत्ताच कळले.

आपली घरे सयाजीरावांच्या काळापासून नोकरीसाठी बडोद्यात आली आणि स्थिरावली. ‘आपण बरे, आपले काम बरे’ हे वाक्य मी बाबांकडून इतक्यांदा ऐकले आहे की आता मीही तेच बोलतो. त्यात वाईट काही नाही, त्याच जोरावर आम्ही शिकलो. पण परवा जेवताना माझ्या पुतणीने टीव्हीवरच्या एका लांबच्या युद्धाविषयी काही विचारले आणि मी सवयीने म्हणालो, ‘ते त्यांचं भांडण आहे, तू जेव.’ ती गप्प जेवली. मलाच घास गोड लागला नाही.

तिने बंदूक उचलावी असे मला मुळीच म्हणायचे नाही. हुद्दारांनी केले तेच बरोबर, असेही नाही. पण ‘ते त्यांचं भांडण’ हे उत्तर मी फार पटकन दिले. नकाशा उघडून तो देश कुठे आहे, एवढे तरी आम्ही दोघांनी मिळून बघायला हवे होते. या रविवारी ते करणार आहोत.

आणि हो, कामावर आता रकान्यात जॉन स्मिथ टाइप करताना हात क्षणभर थांबतो. तुमच्या घरात असे दूरच्या युद्धावर गेलेले कुणी होते का? आजी-आजोबांना विचारा आणि मला नक्की कळवा.