गाडी उंचावली; रस्ता खालीच

रोवणीचे दिवस जवळ आले की लाखनी-मुरमाडीच्या मिस्त्र्यांकडे जुन्या पिकअप गाड्यांची एक विशिष्ट दुरुस्ती सुरू होते. मागचा हौदा जॅकवर उचलायचा, पाटे उतरवायचे, त्यांत एखादा पाटा वाढवायचा आणि गाडी पूर्वीपेक्षा दोन-तीन इंच उंच करून मालकाच्या स्वाधीन करायची, असे या कामाचे स्वरूप आहे. अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात गाड्या उंच करण्याचा हा उद्योग बऱ्याच अंशी हौसेचा असतो. आपल्याकडे मात्र त्यामागे पोटाचा प्रश्न आहे. म्हणूनच या गोष्टीकडे केवळ यंत्रकौशल्याचा किंवा केवळ कायदेभंगाचा विषय म्हणून पाहून भागणार नाही. या दोन-तीन इंचांची किंमत किती आणि ती अखेर मोजतो कोण, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. आणि धानाच्या या मुलुखात तो गावोगावी उभा आहे.

प्रथम ही उंची मिळते कशी ते पाहू. जुन्या पिकअप गाडीचा मागचा ॲक्सल पाट्यांवर तोललेला असतो. बाक दिलेल्या पोलादी पट्ट्यांची ही जुडी मधोमध यू-बोल्टांनी ॲक्सलला आवळलेली असते. तिचे एक टोक चासीला जखडलेले, तर दुसरे शॅकलच्या आधाराने मागेपुढे सरकणारे. ओझे पडले की बाक सपाट होऊ लागतो, पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि धक्क्याचा काही भाग त्या घर्षणात जिरतो. वर्षानुवर्षे ओझे वाहून पोलादाचा बाक कायमचा कमी होतो. मग गाडी ‘बसली’ असे आपण म्हणतो. ती उचलण्याचे मार्ग चार: पाट्यांना पुन्हा बाक देणे, नवा पाटा घालणे, ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवणे, किंवा शॅकल लांब करणे. शॅकल दोन इंचांनी लांबवली तरी गाडी साधारण एक इंचच वर येते, कारण पाट्याचे एकच टोक खाली ढकललेले असते.

उंची फुकट मिळत नाही, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सहा सारख्या पाट्यांच्या जुडीत तसाच सातवा पूर्ण लांबीचा पाटा घातला, तर तिचा ताठपणा सुमारे एकषष्ठांशाने वाढतो. अशी गाडी भरलेली असताना ताठ दिसते. पण रिकामी परतताना मागची चाके उसळतात, जमिनीची पकड सोडतात आणि ब्रेक लावताच गाडी आडवी जाऊ पाहते. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारी झडप हौद्याच्या उंचीवरून ओझ्याचा अंदाज घेते. गाडी कृत्रिमरीत्या उंच केली की ती झडप भरलेल्या गाडीलाही हलकी समजते आणि नेमका गरजेच्या वेळी मागचा ब्रेक कमी लावते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलल्याने त्याचे सांधे लवकर झिजतात. गुरुत्वमध्य वर सरकतो तो वेगळाच. समजा, दोन चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर आहे. गाडी आणि तिच्यावरची थप्पी मिळून तो दहा सेंटिमीटर जरी चढला, तरी वळणावर न उलटता तोल सांभाळण्याची गाडीची शक्ती सुमारे नऊ टक्क्यांनी घटते.

इतके असूनही लोक हा खटाटोप का करतात? विचारले तर दोन कारणे पुढे येतात. पहिले चिखलाचे. पावसाळ्यात कन्हार मातीच्या पांदणीतून बांधीपर्यंत पोहोचायचे तर गाडी उंच हवी, असे सांगितले जाते. दुसरे ओझ्याचे, आणि ते हळू आवाजात सांगितले जाते. या दोन कारणांची गल्लत हेच या प्रश्नाचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

चिखलाचे कारण तपासून पाहावे. चाकोरी खोल झाली की चिखलात प्रथम काय टेकते? चासी नव्हे, तर ॲक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा. पाटे ॲक्सलच्या वर बसलेले असोत वा खाली, त्यांना कितीही उचलले तरी हा गोळा तसूभरही वर येत नाही. तो केवळ चाकाच्या आकारावर अवलंबून असतो. म्हणजे चिखलासाठी म्हणून पैसे मोजून जी उंची घेतली जाते, ती चिखलाशी जिथे गाठ पडते त्या जागी मिळतच नाही. उलट पाटे ताठ झाल्याने खड्ड्यात चाक खाली उतरत नाही, अधांतरी फिरते आणि गाडी अधिक लवकर रुतते. चासीची पोटपट्टी आणि मागचा बंपर धुऱ्याला घासत नाहीत, एवढाच काय तो लाभ. वाढवलेला पाटा खरे काम करतो ते एकच: कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक ओझे हौद्यात घातले तरी गाडीचे बूड बसलेले दिसू देत नाही.

आता ओझ्याचे अर्थकारण पाहू. समजा, गाडीची अधिकृत क्षमता सव्वा टन आहे. धानाचा कट्टा चाळीस किलोंचा धरला तर एकतीस कट्टे झाले. एकाने पाटा वाढवून पन्नास कट्टे, म्हणजे दोन टन, भरले की त्याला दर कट्ट्यामागे भाडे कमी करणे परवडते. गिऱ्हाईक त्याच्याकडे वळते. मग दुसऱ्यालाही पाटा वाढवावा लागतो, तिसऱ्यालाही. शेवटी सारेच पन्नास कट्टे वाहतात, भाडे त्या हिशेबाने उतरलेले असते आणि फेरीमागची कमाई होती तेथेच येऊन थांबते. वाढतो तो टायर, बेअरिंग आणि क्लचपट्टीचा खर्च. पाटा वाढवला नाही तर धंदा बुडतो; सर्वांनी वाढवला तर कोणाचाच फायदा उरत नाही. स्पर्धेचा हा सापळा कोणा एकाला मोडता येत नाही. तो सर्वांना सारखा लागू होणाऱ्या नियमानेच मोडतो.

शिवाय या खर्चाचा मोठा भाग गाडीमालकाच्या वहीत उतरतच नाही. व्यक्तीच्या खर्चापेक्षा समाजाचा खर्च अधिक असतो तेव्हा बाजारभाव फसवा ठरतो, हे पिगू यांनी १९२० साली आपल्या कल्याणकारी अर्थशास्त्रावरील ग्रंथात मांडले. रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून असे दिसून आले की रस्त्याची हानी ॲक्सलवरील भाराच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढते. भार सव्वापट झाला तर हानी जवळजवळ अडीचपट. दीडपट झाला तर पाचपट. अवजड ट्रकपुढे पिकअपचे वजन किरकोळ आहे, हे खरे. परंतु गावाचा रस्ता महामार्गाच्या जाडीचा नसतो आणि पावसाने भिजलेल्या भरावात भार सोसण्याची ताकद आणखी कमी असते. रस्ता फुटला की गाडी खिळखिळी होते आणि ती सावरण्यासाठी मालक आणखी एक पाटा घालतो. दुष्टचक्र याहून वेगळे नसते.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, आणि अधिक भारासाठी वीस हजार रुपये व जादा प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड ठरवला. कागद कडक आहे. पण योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीला गाडी जाते ती रिकामी, आणि खरा गुन्हा घडतो तो भरलेल्या गाडीत.

या हिशेबात सर्वांत महाग पडणारी बाब पैशांत मोजता येत नाही. जी पिकअप हंगामात धान वाहते, तीच रोवणीला मजूर बायांना बांधीवर नेते. उंचावलेला, ताठ पाट्यांचा, उसळणारा हौदा. त्यात उभी असलेली माणसे. धरायला फळीची कडा. वळणावर गाडी कलंडली तर नुकसानभरपाईचाही भरवसा नाही. कारण मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच दिला आहे. दोन इंचांचा नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. जिची जोखीम आहे तिला या व्यवहारात कोणी विचारलेलेही नसते.

मग चिखलाचे काय? तो काही खोटा नाही. डिसेंबर १९४३ मध्ये, येथून जवळच असलेल्या नागपुरात, मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशाची वीस वर्षांची रस्ते-योजना आखली. सुपीक शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. पुढे डिसेंबर २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गावे जोडली. परंतु या साऱ्या नियोजनात रस्ता गावाच्या वेशीशी संपतो; धान मात्र वेशीत पिकत नाही. शेत ते गाव हा शेवटचा टप्पा पांदणीचा. राज्य शासनाने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आखली, ती याच उणिवेची कबुली होती. लाखनीत महामार्ग उड्डाणपुलाने गावावरून निघून गेला. त्याच महामार्गापासून थोड्या अंतरावरच्या पांदणी पावसाळ्यात बांधीच्याच पातळीला असतात. दूरच्या मालासाठी रस्ता उंच करायचा आणि जवळच्या मालासाठी गाडी उंच करायला लावायची, हे कसले नियोजन?

उपाय अवघड नाहीत. ते वेगवेगळे ठेवायला मात्र हवेत. बसलेल्या पाट्यांना बाक देऊन वा जुने पाटे बदलून गाडीची मूळ उंची परत मिळवणे ही दुरुस्ती आहे. तिला मुभाच नव्हे, उत्तेजन मिळावे. मूळ उंचीच्या वर जाणारा प्रत्येक इंच हा बदल आहे, तो थांबवावा. धान खरेदी केंद्रावर वजनकाटा असतोच. तेथे धानाबरोबर गाडीच्या अधिकृत क्षमतेचीही नोंद व्हावी आणि भाडे क्विंटल व अंतर यांवर ठरून सर्वांना सारखे मिळावे, म्हणजे जादा भरण्याची सक्ती उरणार नाही. रोवणीच्या मजुरांसाठी हंगामी प्रवासी वाहनाची सोय ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन करावी. आणि पांदणींना मुरूम, दोन्ही बाजूंनी नाली व पाणी वाहत्या जागी मोरी, एवढे तरी पावसाळ्याआधी द्यावे. मुरूम पसरून नाली न काढणे म्हणजे पुढल्या वर्षीच्या चिखलाचीच तरतूद करणे होय.

मिस्त्र्याला दोष देऊन उपयोग नाही. तो मागितलेले काम करतो. मालकालाही एकट्याला दोष देता येणार नाही. तो बाजाराच्या रेट्यात सापडला आहे. दोष आहे तो सार्वजनिक उणीव खाजगी खर्चाने भरून निघेल या समजुतीचा. गाडीचे पाटे पोलादाचे असतात, आणि पोलादही एका मर्यादेनंतर तुटते. रस्त्याने उचलायचा भार पाट्यांवर किती काळ टाकायचा, याचा निर्णय पाटा तुटण्याआधी झालेला बरा.